व्होल्टेज वेगळं आहे का?

(गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. मला सात मिनिटं दिली आहेत, आणि माईक हातात आला की मला घड्याळ दिसत नाही हे तुम्ही मागच्या वर्षी सोसलं आहे. तेव्हा थेट आमच्या घरातल्या गोष्टीवर येतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही भारतातून परत आलो. शिकागोत आणि तिथे साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे पहाटे तीनला सगळं घर टक्क जागं. मी हॉलमध्ये पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, टॉवेलांच्या घड्या रचत होतो. (हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांकडे ट्रेडमिल आहे.) नऊ वर्षांची लेक डोळे चोळत आली आणि म्हणाली, "बाबा, तुझी पेटी इथे चालत नाही का? व्होल्टेज वेगळं आहे?"

तिचं काही चुकलं नाही. मागच्या खेपेला हौसेने आणलेला मिक्सर आम्ही इथे लावला होता. २३० व्होल्टचा जीव १२० वर नुसता कण्हत राहिला. चटणी शेवटी खलबत्त्यातच झाली.

मी हसून विषय मिटवत होतो, तर बाईसाहेब म्हणतात, "पण आजोबांकडे वाजवलीस तेव्हा तर लाईटच नव्हती!"

खरंच नव्हती. कणकवलीजवळ आमचं घर. बाहेर धो धो पाऊस, ओसरीवर वाडीतली भजनी मंडळी, आणि पेटीवाले बुवा ओहोळापलीकडे अडकलेले. कोणीतरी पेटी माझ्यापुढे सरकवली. "तू वाजवतंस मां? मगे बस." गाणाऱ्याने पांढरी चार पट्टी सांगितली, मी चुकून काळी चार धरली. त्याने काही न बोलता टाळाने माझ्या गुडघ्याला ढोसलं. त्यानंतर दोन तास मी उठलो नाही, आणि कंदिलाजवळ बसून लेक ते सगळं बघत होती.

इथे आल्यावर घड्या उतरवून पेटी उघडली, तर मधल्या सप्तकातला पंचम, म्हणजे 'प' सूर, मुका. हिवाळाभरच्या हीटिंगने लाकूड सुकतं, हे मला ठाऊक आहे. पण पंचम गेला कधी? ते सांगता येईना. म्हणजे झाकण किती महिने उघडलं नव्हतं बघा. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये जरा सैल झाली. आमच्या घरातली बंदी मीच घातलेली, तीसुद्धा हुकूम न काढता.

मग ठरवलं, रोज रात्री नऊला दहा मिनिटं. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ऑफिसचा कॉल, सहाव्या दिवशी शाळेच्या वह्यापुस्तकांची यादी. बायको म्हणाली, "व्होल्टेज कसलं, तुझं वायरिंगच गेलंय." त्यावरून जे झालं ते वेबसाइटवर जाणार नाही.

आता जरा तुमच्याकडे वळतो. कार्यक्रमासाठी नावं मागितली की आपण मुलांची नावं देतो. त्यांना तबल्याला सोडतो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून ईमेल बघतो. या सभागृहात एके काळी एकांकिका करणारे, रांगोळ्यांनी अंगण भरणारे किती जण बसलेत, मला माहीत आहे. हात वर करायला सांगत नाही, कारण मलाही करावा लागेल. आपण सगळे तिकडे गेलो की उजळतो, आणि इथे उतरलो की बॅगा उघडायच्या आधी कॅलेंडर उघडतो.

आमची एक बॅग गेल्या आठवड्यापर्यंत तशीच होती. कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांखाली लेकीची चित्रांची वही सापडली. गावाला ती रोज काढायची. शेवटचं पान कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं आहे. दोन रंगवलेल्या, तिसरीचे नुसते पाय. मी वही तिच्या उशाशी ठेवली. सकाळी ती शाळेच्या कागदांखाली गेली होती. आज आठवडा झाला, पान तसंच आहे, आणि पेटीचंही तिने पुन्हा विचारलेलं नाही.