भूल उतरायच्या आधी

संध्याकाळचे पाच. दवाखान्याच्या आरशासमोर सहा वर्षांची एक मुलगी स्वतःचा ओठ बोटाने दाबून बघतेय. "आई, केवढा सुजलाय!" दाताखाली कापसाचा बोळा, त्यामुळे शब्द निम्मेच बाहेर येतात. ओठ सुजलेला नाही, बधिर आहे. उजवीकडची खालची दुधाची दाढ नुकतीच काढलीय.

पोरगी हसतेय, म्हणून आई निर्धास्त. "दुखलं की देते औषध."

डॉक्टर मान हलवतात. "दुखायची वाट नका बघू. आत्ताच द्या, माझ्यासमोर."

इथे सगळा खेळ घड्याळाचा आहे. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाच्या इंजेक्शनने ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. पोटातून दिलेलं पॅरासिटामॉल लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. भूल उतरल्यावर बाटली शोधली, तर तेवढा वेळ मूल रडून काढतं. आणि रडणारं मूल औषध थुंकतं, हे आयांना वेगळं सांगायला नको.

जखम झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि आसपासच्या नसा हळव्या होतात. ॲस्पिरिनसारखी औषधं ही निर्मितीच अडवतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन हे वेदनाशामकही त्याच जातीचं. खुद्द ॲस्पिरिन मात्र मुलांना द्यायचं नाही. पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेनही नको.

डोस खुर्चीत बसण्याआधी द्यावा की दाढ निघाल्यावर लगेच, यावर संशोधकांचं एकमत नाही. भूल उतरेपर्यंत थांबण्यात मात्र काहीच फायदा नाही.

आता पॅरासिटामॉलच्या या दोन बाटल्या जवळून पाहा. रंग तोच, वासही तोच. एकीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीवर २५०. मुलीचं वजन १६ किलो. किलोमागे १५ धरले तर २४० मिलिग्रॅम. एका बाटलीतून साडेनऊ मिली, दुसरीतून पाचला जरा कमी. घरात मोठ्या भावाची उरलेली बाटली असते, घोळ तिथेच होतो. म्हणून डॉक्टर वय नाही, वजन विचारतात, आणि चिठ्ठीवर मिली लिहून देतात. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं मापाचं झाकण घ्या. पुढचा डोस सहा तासांनी.

सातच्या सुमारास ओठाला मुंग्या येऊ लागतात. तोवर आईचं एकच पालुपद, "ओठ चावू नकोस गं."

साडेसातला मुलगी गार वरणभात मागते. घास डावीकडे.