नावात पाच, वादक सात

(पडदा काळा. आधी फक्त आवाज : पियानोचा डावा हात, त्यावर ड्रमचा शफल. मग हळूहळू जुन्या रेकॉर्डची फिरणारी तबकडी.)

मोजून बघा. तबकडीवर नाव छापलंय ते 'लुई जॉर्डन अँड हिज टिंपनी फाइव्ह'. फाइव्ह, म्हणजे पाच. आता कान देऊन ऐका. आल्टो सॅक्सोफोन वाजवत गाणारा, तो एक. ट्रंपेट, दोन. टेनर सॅक्सोफोन, तीन. पियानो, गिटार, उभा बेस. आणि ड्रम. झाले सात.

साल १९४६, गाणं 'चू चू च'बूगी'. बिलबोर्ड साप्ताहिक तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संगीताची वेगळी यादी छापायचं. त्या यादीत हे गाणं १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लुई जॉर्डनचं नाव त्यामुळे इतिहासात राहिलं, आणि ते राहायलाच हवं. पण ही चित्रफीत त्याच्या भोवती उभ्या असलेल्या माणसांची आहे. जंप ब्लूज नावाचं, छोट्या बँडनं नाचासाठी वाजवायचं संगीत नेमकं त्यांच्या जोरावर उभं आहे.

(दृश्य : हार्लेम, लेनॉक्स अव्हेन्यू. नाचघराबाहेरची रांग.)

न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स अव्हेन्यूवर, १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं. आत वादकांसाठी दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू, नाचणाऱ्यांना उसंत नाही. इथला राजा होता ड्रमर चिक वेब. लहानपणच्या मणक्याच्या क्षयामुळे त्याची उंची खुंटली होती, पण ड्रममागे बसला की भलेभले बँड त्याच्यापुढे टिकत नसत. १९३६ मध्ये त्याच्या ताफ्यात आर्कान्सा राज्यातल्या ब्रिंक्ली गावचा एक सॅक्सोफोनवादक आला. वडील बँडमास्तर, मुलगा तिशीच्या आतला, आणि वाजवण्याइतकीच गाण्याची आणि लोकांना हसवण्याची हौस. तोच लुई जॉर्डन.

१९३८ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या 'एल्क्स राँदेव्हू' या क्लबात स्वतःचा छोटा बँड घेऊन बसला. ड्रमर वॉल्टर मार्टिन कधीकधी टिंपनी वाजवायचा. टिंपनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातले ते तांब्याचे मोठे नगारे. एवढ्याशा क्लबात नगारे! नाव तिथून पडलं, टिंपनी फाइव्ह. तेव्हासुद्धा मंचावर जॉर्डन धरून सहा जण होते. पुढे माणसं वाढली, बदलली, नावातले पाच मात्र पाचच राहिले.

(दृश्य : मोठा स्विंग बँड. रांगांमध्ये बसलेले वादक.)

हे छोटेपण का आलं, ते समजून घेऊ. स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचाच्या जॅझच्या, भरात बँड म्हणजे पंधरा-सतरा माणसं. ट्रंपेटांची एक रांग, ट्रॉम्बोनांची एक, सॅक्सोफोनांची एक, आणि खाली ठेका धरणारे चौघे. मग युद्ध आलं. तरुण वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, आणि असा बँड तर बसमधून गावोगाव फिरून जगायचा. ऑगस्ट १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. डेका कंपनीनं वर्षभरानंतर तडजोड केली, बाकीच्या मोठ्या कंपन्यांना १९४४ उजाडलं. त्याच १९४४ मध्ये, जिथे खाण्यापिण्यासोबत गाणं किंवा नाच असेल अशा जागांवर सरकारनं ३० टक्के कर बसवला. तो लवकरच २० टक्क्यांवर आला, पण क्लबमालकांचं गणित बिघडायचं ते बिघडलंच. डिसेंबर १९४६ पर्यंत बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स अशा मोठमोठ्यांनी आपापले बँड मोडले होते.

लोकांना मात्र नाचायचं होतं. शनिवारची रात्र काही बंद झाली नव्हती.

मग प्रश्न असा पडला की सतरा जणांचा दणका सात जणांनी कसा द्यायचा?

(दृश्य : उभ्या बेसच्या तारा, जवळून. बोटं चालताहेत.)

खालून सुरुवात करू, कारण सगळं तिथेच आहे. बेस. चार मात्रांचा गट म्हणजे एक बार, आणि प्रत्येक बारमध्ये चार सूर, प्रत्येक मात्रेवर एक. एका सुरावरून दुसऱ्यावर पायऱ्या चढत-उतरत जाणारा, म्हणून त्याला वॉकिंग बेस म्हणतात. कॅन्सस सिटीत वॉल्टर पेज नावाच्या माणसानं हे चालणं असं काही पक्कं केलं, की पुढे पियानोवादक काउंट बेसीच्या मोठ्या बँडचा पायाच तो झाला. त्याच बँडचा ड्रमर जो जोन्स. त्यानं ठेका जमिनीवरच्या मोठ्या ड्रमवरून उचलून हाय-हॅटच्या झांजांवर नेला. आधी ठेका पायाखाली दणदणायचा, आता तो हवेत सरसरू लागला.

जंप ब्लूजच्या ड्रमरनं हे घेतलं आणि त्यात दोन गोष्टी मिसळल्या. एक म्हणजे शफल. मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गिळा. टक्‌…क-टक्‌…क-टक्. हा गिळलेला मधला भागच माणसाला खुर्चीतून उठवतो. दुसरी गोष्ट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर या छोट्या ड्रमचा फटका. शफल ऐकायला फार सोपा वाटतो. चार मिनिटं एकसारखा, न धावता, न ओढता वाजवून बघितल्यावर कळतं की बँडमधली सर्वांत अवघड जागा कदाचित हीच आहे.

पियानोवादकाचा डावा हात बूगी-वूगी धरतो. तोच फिरता तुकडा, बारा बारांच्या आवर्तनात सुरांबरोबर जागा बदलत. कॅन्सस सिटीच्या पीट जॉन्सनचा डावा हात ऐका, एकट्यानं खोली भरतो. त्याच्याबरोबर गाणारा बिग जो टर्नर आधी बारमध्ये दारू ओतता ओतता गायचा. मायक्रोफोनची गरज नसलेला आवाज. डिसेंबर १९३८ मध्ये हे दोघे न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभे राहिले. त्याच महिन्यात, त्याच शहरात, लुई जॉर्डननं आपल्या छोट्या बँडची पहिली रेकॉर्ड केली.

(दृश्य : बेसीचा बँड. कॅमेरा सरकत गिटारवादकावर थांबतो.)

आता इथे थोडं थांबायचं आहे. या चेहऱ्यासाठी.

फ्रेडी ग्रीन. १९३७ मध्ये काउंट बेसीकडे आला. बिनविजेची गिटार. प्रत्येक मात्रेवर एक झटका, बारला चार, रात्रभर. सोलो जवळपास नाहीच. सभागृहात बसलेल्याला त्याची गिटार वेगळी अशी ऐकूही यायची नाही. पण ती थांबली तर? बेस आणि ड्रम यांच्यातलं जे सांधणं होतं ते निघून गेलं असतं, आणि वरच्या तेरा वाद्यांना पाय टेकायला जागा उरली नसती.

१९५० मध्ये बेसीवरही मोठा बँड मोडायची वेळ आली. त्यानं छोटा ताफा केला आणि त्यात गिटार ठेवली नाही. सांगतात ते असं, की एका रात्री ग्रीन स्वतःच गिटार घेऊन आला आणि आपल्या जागी बसला. कुणी बोलावलं नव्हतं. बेसीनं विचारलं, तर म्हणाला, आयुष्यातली उमेदीची वर्षं तुला दिली, आता तू मला सोडून जाणार? तो राहिला. बेसी १९८४ मध्ये गेला, त्यानंतरही तो त्याच खुर्चीत होता. १ मार्च १९८७ ला लास व्हेगासमध्ये, कार्यक्रम संपल्यावर, त्याला मृत्यू आला. जवळजवळ पन्नास वर्षं, बारला चार झटके. मला या संगीतातली इतकी मोठी निष्ठा दुसरी माहीत नाही.

(दृश्य : तीन फुंकवाद्यं, एकाच मायक्रोफोनसमोर.)

वर फुंकवाद्यं. मोठ्या बँडमध्ये तेरा, इथे तीन. ट्रंपेट, आल्टो, टेनर. तिघं एकमेकांना चिकटून सूर लावतात. ट्रंपेट वरचा, बाकी दोघे लगेच खाली, मध्ये फट ठेवत नाहीत. त्यामुळे तीन वाद्यं सहासारखी वाजतात. ते वाजवतात ते रिफ, म्हणजे दोन-चार सुरांचा छोटा, चटकदार तुकडा. गायक ओळ म्हणतो, हे उत्तर देतात. गायक थांबतो, हे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फेकत राहतात आणि आच वाढवत नेतात. बरेचदा हे कागदावर नसतंच. कुणीतरी एक तुकडा वाजवून दाखवतो, दुसरा त्यात आपला सूर शोधतो, तिसरा उरलेला घेतो.

आणि मग टेनरवाला पुढे येतो. १९४२ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडनं 'फ्लाइंग होम' ही रचना रेकॉर्ड केली. त्यात इलिनॉय जॅके या तरुण टेनरवादकानं असा सोलो वाजवला, की त्यानंतर हॅम्प्टनकडे त्या खुर्चीवर बसणाऱ्या टेनरवादकाला तो सोलो सुरान्‌सूर यावाच लागायचा. पुढे अनेक टेनरवाल्यांनी एकच खर्जातला सूर भोंग्यासारखा वाजवत राहण्याची तऱ्हा उचलली. काही जाणकारांनी नाकं मुरडली. मला ती नाकं मुरडणं कधीच पटलं नाही. तो एक सूर सभागृहाला पेटवायचा, आणि त्या रात्री लोक त्यासाठीच आलेले असायचे.

(दृश्य : नकाशा. दक्षिणेकडची राज्यं, मग आयोवा.)

या माणसांचा प्रवास सोपा नव्हता. दक्षिणेत अनेक नाचघरांत गोऱ्या आणि काळ्या नाचणाऱ्यांच्या मध्ये दोरी बांधलेली असायची. वाजवणाऱ्यांना त्याच गावात खोली मिळेलच असं नाही. आणि मिसिसिपीतल्या शाळेतून निघालेल्या 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' या स्त्रियांच्या बँडमध्ये तर गोऱ्या मुलींना चेहरा गडद रंगवून बसावं लागायचं, कारण वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एका मंचावर दिसल्या तर पोलिस येत. त्या बँडची टेनरवादक व्ही बर्नसाइड जरूर शोधून ऐका.

जॉर्डनला स्वतःची शैली सापडली ती मात्र मोठ्या शहरात नव्हे, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सच्या एका टॅव्हर्नमध्ये. न्यू यॉर्कचे टीकाकार दूर होते. इथे रोज रात्री तेच गाव समोर, त्यामुळे विनोदी गाणी, हावभाव, बँडशी चाललेली थट्टा हे सगळं करून बघायला मोकळीक मिळाली. मंचावर ही मंडळी मजेत दिसायची. पण जॉर्डन तालमीच्या बाबतीत कडक होता. सहज वाटणारी प्रत्येक थट्टा घोटून घेतलेली असायची.

(दृश्य : इलेक्ट्रिक गिटार. नंतर १९५० च्या दशकातली तरुण मुलं.)

आता त्या सातांतल्या एकाची गोष्ट. कार्ल होगन, इलेक्ट्रिक गिटार. १९४६ मध्येच त्यानं जॉर्डनच्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' या गाण्याची सुरुवात एकट्यानं वाजवली. जेमतेम काही सेकंद. आता १९५८ मधलं रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' लावा, सुरुवात ऐका. सूर तेच. बेरीनं हे उघडपणे मान्यही केलं होतं. रॉक अँड रोल म्हटलं की जगाच्या कानात जी गिटार वाजते, ती आधी या माणसाच्या बोटांत होती.

पियानोवर होता वाइल्ड बिल डेव्हिस. बँडच्या मांडण्याही, म्हणजे कुणी कधी काय वाजवायचं तेही, तोच ठरवायचा. पुढे तो हॅमंड ऑर्गनकडे वळला, आणि बेसीच्या बँडनं गाजवलेली 'एप्रिल इन पॅरिस'ची मांडणी त्याचीच. आणि डेकामध्ये जॉर्डनची रेकॉर्डिंग सांभाळणारा मिल्ट गेबलर? १९५४ मध्ये त्यानंच रॉक अँड रोल गायक बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' रेकॉर्ड केलं.

(दृश्य : छोट्या गावातला क्लब. वादक केबल जोडताहेत.)

पन्नाशीचं दशक संपेपर्यंत गिटारवाली पोरं पुढे आली आणि फुंकवाद्यं घरी गेली. हे संगीत संपलं असंच वाटलं असेल. पण १९६७ मध्ये ऱ्होड आयलंडसारख्या चिमुकल्या राज्यात, वेस्टर्ली नावाच्या गावात, गिटारवादक ड्यूक रोबिलार्ड आणि पियानोवादक अल कॉपली यांनी 'रूमफुल ऑफ ब्लूज' उभा केला. काही वर्षांत त्यात सॅक्सोफोन आले. ग्रेग पिकोलो टेनरवर, डग जेम्स बॅरिटोनवर. जगभर रॉक चालू असताना ही पोरं जुन्या तबकड्यांतून जंप ब्लूजचे रिफ उतरवून घेत होती. गावातला बँड, पण १९८० च्या दशकात खुद्द बिग जो टर्नर त्यांच्याबरोबर रेकॉर्ड करायला उभा राहिला.

आणि त्याच काळात त्यांच्यात येऊन बसला पोर्की कोहेन. ट्रॉम्बोन. जन्म १९२४ चा. तरुणपणी आर्टी शॉच्या बँडमध्ये वाजवलेला. स्विंगच्या काळातला प्रत्यक्ष माणूस, त्याच्या मुलांच्या वयाच्या वादकांच्या शेजारी. पुस्तकातून न मिळणारं काहीतरी त्या रांगेत नक्कीच बसत असणार. सूर कुठे सोडायचा, कुठे अर्धा श्वास मागे राहायचं.

असे बँड आजही शनिवारी उभे राहतात. सहा-सात जण. लिंडी हॉप हे स्विंगवरचं जोडीनृत्य नाचणारे समोर आले की ड्रमर त्यांचे पाय बघून लय ठरवतो. ट्रंपेटवाला आला नाही, तर आल्टो वरचा सूर घेतो आणि गिटारवाला मधली जागा भरतो. सातांच्या बँडमध्ये लपायला जागा नसते.

(दृश्य : पुन्हा तीच फिरणारी तबकडी.)

लुई जॉर्डन १९७५ मध्ये गेला. १९८७ मध्ये, म्हणजे फ्रेडी ग्रीन गेला त्याच वर्षी, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं जॉर्डनला मानाचं स्थान दिलं. एकट्याला. २०१२ मध्ये त्या संस्थेला जाणवलं की गायकांना घेताना मागची माणसं राहून गेली, आणि तिनं एकदम सहा साथीदार बँड आत घेतले. बिल हेलीचे कॉमेट्स त्यात होते. टिंपनी फाइव्ह नव्हते.

म्हणून ही तबकडी पुन्हा लावताना नावं वाचू या. ट्रंपेट, आरन आयझनहॉल. टेनर सॅक्सोफोन, जॉश जॅक्सन. पियानो, वाइल्ड बिल डेव्हिस. गिटार, कार्ल होगन. बेस, जेसी सिंपकिन्स. ड्रम, एडी बर्ड. आल्टो आणि आवाज, लुई जॉर्डन.

(सुई तबकडीवर टेकते. शफल सुरू होतो. निवेदन थांबतं, गाणं चालू राहतं.)