किल्ली लक्षात ठेवा हं

नमस्कार मंडळी! आज १९४२ सालच्या ‘रँडम हार्वेस्ट’बद्दल बोलायचंय, मर्विन लरॉयचा पिक्चर, रोनाल्ड कोलमन आणि ग्रीअर गार्सन. गोष्ट पटकन सांगते. पहिल्या महायुद्धात स्मृती गेलेला एक इंग्रज सैनिक, युद्ध संपलं त्या रात्री इस्पितळातून बाहेर पडतो आणि त्याला पॉला भेटते, थिएटरात नाचगाणी करणारी. ती त्याला ‘स्मिथी’ म्हणते. लग्न, बाळ, छोटंसं घर. मग कामासाठी तो लिव्हरपूलला जातो, टॅक्सीची धडक बसते, जुनं सगळं आठवतं आणि मधली तीन वर्षं साफ पुसली जातात. तो निघतो बड्या उद्योगपतीचा मुलगा. खिशात एक किल्ली, कुठली ते ठाऊक नाही. किल्ली लक्षात ठेवा हं.

तर गेल्या दिवाळीत हा मी मावशीला दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. आणि तो सीन आला, साहेबाच्या ऑफिसात सेक्रेटरी आत येते, कॅमेरा तिच्यावर जातो, आणि ती पॉलाच! नाव बदलून, साध्या कपड्यांत, स्वतःच्या नवऱ्यासमोर वही-पेन्सिल घेऊन. मावशीने माझा हात घट्ट धरला, म्हणाली, “तू गप्प बस, मला तिचे डोळे बघू दे.” तिथून पुढे मी एक शब्द बोलले नाही आणि तिचं काही अडलं नाही. फक्त दर थोड्या वेळाने, “अगं, सांगून टाक ना बाई त्याला!” डॉक्टरने पॉलाला बजावलेलं असतं की तू सांगू नकोस, त्याचं त्यालाच आठवू दे, पण हे मावशीला कुठून कळणार, मीच गप्प! (हल्ली लोक दीडपट स्पीडला पिक्चर बघतात, मला ते अजिबात पटत नाही, अहो, गार्सन नुसती थांबते तेव्हाच तर सगळं असतं.)

शेवटी तो त्या घरापाशी येतो, फाटक करकरतं, फुललेल्या फांदीखालून वाकून जातो, आणि तीच किल्ली, बघा, तीच किल्ली कुलपात फिरते. मागून ती हाक मारते, “स्मिथी!” मावशी खुर्चीतून उठून उभी होती, पदर तोंडाला.

यावरूनच बंगालीत १९५७ साली ‘हारानो सुर’ आला, उत्तम कुमार आणि सुचित्रा सेन. तो रविवारी बघायचं ठरलंय, आणि मावशीने आधीच बजावलंय, मध्ये बोलायचं नाही.