टायर घेण्याआधी नांगर बघा

मंडळी, ‘हिवाळी टायर कुठला घ्यावा’ असा विषय पत्रिकेवर छापलाय. माझं भांडण त्या ‘कुठला’शीच आहे. दुकानात आपण कंपनी विचारतो, दुकानदार बर्फ किती पडतो ते विचारतो. तुमच्या रस्त्यावर नांगर किती वाजता येतो, हे कुणीच विचारत नाही. बर्फ लोटणारा नांगर हो, बैलांचा नव्हे. (हशा)

त्यातून मराठीची आपली अडचण. आकाशातून पडतं तेही बर्फ आणि काचेसारखं गोठतं तेही बर्फच. आज मी पहिल्याला हिम म्हणेन. टायरला हा फरक बरोबर कळतो.

मला ही अक्कल पैसे मोजून आली. माझ्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर. दुकानदार म्हणाला, “पुढे दोन हिवाळी बसवू, मागचे आहेत ते चालतील.” मलाही दोनाचेच पैसे द्यायचे होते, त्यामुळे त्याचं म्हणणं फारच शास्त्रशुद्ध वाटलं. (हशा) पुढच्याच आठवड्यात, सकाळी, उतारावरचं वळण. वेग जेमतेम ताशी 30. रस्ता नुसता ओला दिसत होता. मी ब्रेकसुद्धा लावला नाही, फक्त अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुढची चाकं शहाण्यासारखी वळली, मागची आपली सरळ निघाली. आरशात दिसायचं ते समोरच्या काचेतून दिसायला लागलं. स्टेअरिंग उलट फिरवलं, सुलट फिरवलं, मग नुसतं धरून बसलो. गाडी अर्धी गिरकी घेऊन कडेच्या ढिगात मागून रुतली. बायको शेजारी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मागच्या चाकांना थंडी वाजत नाही, असं कोण म्हणालं होतं?”

गाडी ओढून काढायला आलेल्या माणसाने वाकून मागच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. उमटेना. मग पुढच्यावर दाबलं, उमटलं. तो एक शब्द बोलला नाही, पैसे घेऊन गेला.

उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली ताठरायला लागतं. हिवाळी रबर मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने मारावेत तसे बारीक काप असतात, त्यांच्या कडा हिमाला धरतात. म्हणून टायर चारही हवेत. ऑल-व्हील ड्राइव्हवाले, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांवर असणारे, इथे गालात हसतात. तुमची गाडी सुटते झकास, मान्य. पण ब्रेक आमच्याही गाडीला चारही चाकांना आहेत!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. नमनालाच घडाभर तेल गेलं, आता भराभर सांगतो.

नांगर पहाटे येतो, मीठ पडतं, तुम्ही बहुतेक थंड, ओल्या डांबरावर वेगाने जाता? मग मध्य युरोपीय धाटणीचा टायर. रबर थोडं कडक, पाणी फेकणारे चर मोठे. नांगर दुपारी येतो किंवा येतच नाही, हिम दबून घट्ट होतं? मग नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय धाटणीचा, रबरात धातूचे खिळे नसलेला. तो फार मऊ, ओल्या महामार्गावर थांबायला जास्त अंतर घेतो. शून्याच्या आसपास वितळून पुन्हा गोठणारा रस्ता सगळ्यांत दगाबाज, कारण बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो. उणे 20 मधला कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा. असा गोठणारा रस्ता रोजचा असेल तर खिळ्यांच्या टायरचा विचार करा, पण आधी कायदा बघा. फिनलंडमध्ये मोसमात चालतात, जर्मनीत बंदी. जपानने 1990 मध्ये खिळ्यांविरुद्ध कायदा केला तो खिळ्यांनी खरवडलेल्या रस्त्याच्या धुळीपायी.

टायरच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण हवीच. नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि हिम) कंपनी स्वतःच छापू शकते, डोंगराला चाचणी लागते. तीही हिमावरची, बर्फावरची नव्हे. युरोपच्या लेबलवर बर्फाची खूण वेगळी असते. चर 4 मिलिमीटरच्या खाली गेले की टायर बदला. टायर कधी बनला ते कळायला कुशीवरच्या ‘डीओटी’ या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा, 3523 म्हणजे 2023 चा पस्तिसावा आठवडा. थंडीत हवा आपोआप उतरते, ती गार टायरवरच मोजा.

मागे हात वर दिसतोय. काय म्हणालात? फक्त पुढचे दोन बदलले तर? ताई, आपण उशिरा आलात वाटतं. (हशा)