डॉन पास्क्वालेची फजिती

नमस्कार श्रोतेहो.

'डॉन' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं ते ठाऊक आहे मला. आजचा डॉन तसला नाही. हे 'डॉन' म्हणजे आपलं 'रावसाहेब' समजा. रावसाहेब पास्क्वाले राहतात रोममध्ये. सत्तरीला टेकलेले, अविवाहित, गाठीला बक्कळ पैसा, हात मात्र आखडता. हट्टी आणि भोळे, पण आतून माणूस वाईट नाही.

दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचा हा ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक, 3 जानेवारी 1843 रोजी पॅरिसच्या इटालियन रंगमंदिरात पहिल्यांदा झाला. पास्क्वालेचं काम केलं लुईजी लाब्लाश या गायकानं. खर्जातला अजस्र आवाज, आणि देहही तसाच. बघण्याच्या कार्यक्रमाला हा नवरदेव आला तो महोगनी लाकडाच्या रंगाच्या कुरळ्या केसांचा टोप घालून, अंगात सफरचंदी हिरवा कोट. सोन्याची बटणं, पण पोटावर लागतील तर शपथ! तेओफील गोत्ये या फ्रेंच लेखक-समीक्षकाला तो उडायच्या बेतात असलेल्या प्रचंड भुंग्यासारखा वाटला.

या वयात लग्न कशाला? तर पुतण्याची खोड मोडायला. काकांनी आणलेलं स्थळ एर्नेस्तोनं नाकारलं; त्याचं मन जडलंय नोरीनावर. ती तरुण विधवा आहे, जवळ पैसा नाही, अक्कल भरपूर. मग काकांचा हिशेब सरळ: मीच लग्न करतो, मलाच मुलं होतील, तुला छदाम मिळणार नाही, चालता हो घरातून.

आता येतात डॉक्टर मालातेस्ता. पास्क्वालेचे वैद्य, पण आतून पुतण्याचे दोस्त. ते सांगतात, माझी एक बहीण आहे, मठात वाढलेली, गाय आहे गाय! ही 'सोफ्रोनिया' म्हणजे अर्थात आपली नोरीना. तोंडावर बुरखा, बोलणं कुजबुजीइतकं. नाटकं आवडतात का, विचारलं तर तिला ती माहीतच नाहीत. संध्याकाळी करतेस काय? शिवण, टिपण, स्वयंपाक. म्हातारा विरघळला. मनाशी म्हणतो, सत्तरीच्या मानानं आपण बरेच तुकतुकीत आहोत... पण हळू, मुलीला वय ऐकू जायला नको!

करारनामा लिहायला नोटरीही हजर. तोही बनावट, डॉक्टरांचा चुलतभाऊ. अर्धी इस्टेट पत्नीच्या नावे. सह्या होतात, आणि शाई वाळायच्या आत गाईची वाघीण होते. पास्क्वाले जवळ येऊ बघतो, तर ही त्याला झिडकारते. घंटा वाजवून नोकरांना बोलावते. तीनच? खो खो हसते. कारभाऱ्याचा पगार दुप्पट, नवे नोकर, घोडे, गाड्या, सगळं फर्निचर बदला! तिसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा घरभर टोप्यांचे, कपड्यांचे ढीग, आणि म्हातारा बिलांच्या राशीत बुडालेला.

इथपर्यंत आपण नोरीनाच्या बाजूनं असतो. काय अद्दल घडवली थेरड्याला! मग संध्याकाळी ती नटून नाटकाला निघते. तो आडवा येतो, आवाज चढतात, आणि ती त्याच्या फाडकन थोबाडीत मारते.

या थपडेनंतर काय होतं ते नीट ऐका. मघापासून उड्या मारणारं संगीत एकदम खिन्न होतं. 'संपलं, पास्क्वाले, सगळं संपलं,' असं तो स्वतःलाच म्हणतो. एवढा वेळ भुंगा दिसणारा माणूस अचानक थकलेला म्हातारा होतो. नोरीनालाही वाईट वाटतं. धडा जरा कडक झाला, पण इलाज नाही, असं ती आपल्यासाठी गाते. मी तरी इथे प्रत्येक वेळी पक्ष बदलतो. दोनिझेत्तीची बायको 1837 साली गेली, तिन्ही मुलं तान्हेपणीच गेली होती. रिकामं घर म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पुढचा भाग भराभर. नोरीना मुद्दाम एक चिठ्ठी पाडते: रात्री बागेत प्रियकराची भेट. चोर पकडायला म्हातारा आणि डॉक्टर निघतात, आणि बेत आखताना दोघांचे शब्द असे सुटतात की श्वास घ्यायला जागा नाही. बागेत एर्नेस्तो निसटतो. डॉक्टर बातमी देतात, उद्या एर्नेस्तोची होणारी बायको नोरीना या घरात येतेय. 'सोफ्रोनिया' उसळते, तिच्याबरोबर मी एका छपराखाली राहायची नाही! म्हाताऱ्याला तेच हवं. आत्ताच्या आत्ता लग्न लावा त्यांचं! वर पुतण्याला वर्षाला चार हजार स्कुदींचा, म्हणजे तिथल्या जुन्या नाण्यांचा, तनखाही कबूल. शब्द गेल्यावर मग त्याला कळतं की सोफ्रोनिया आणि नोरीना एकच. आणि तो चक्क हसतो, दोघांना आशीर्वाद देतो.

आता ऐकू या त्याच बागेतलं एर्नेस्तोचं गाणं. साथीला दोन गिटार आणि खंजिऱ्या आहेत, पण आवाज पडद्यामागून येतो. तेव्हा सुरुवातीला गाणं जरा लांबून आल्यासारखं वाटेल. रेडिओचा आवाज वाढवू नका, ते तसंच आहे.