प्रोग्राम बरोबर आहे, हे कशावरून?

1949 च्या जून महिन्यात इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकांवरील एक परिषद भरली. तेथील एड्सॅक हा संगणक जेमतेम दीड महिन्यापूर्वी चालू झाला होता. या परिषदेत गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी एक अगदी छोटा निबंध वाचला आणि त्याचा विषय होता, मोठा प्रोग्राम तपासायचा कसा. त्यांनी घेतलेले उदाहरण शाळेतल्या उभ्या बेरजेचे होते. खाली नुसते उत्तर लिहिलेले असेल, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पहिल्यापासून करावी लागते; पण प्रत्येक स्तंभाची बेरीज आणि हातचे मांडून ठेवलेले असतील, तर एकेक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही असेच हातचे मांडून ठेवावेत, म्हणजे या टप्प्यावर अमुक कप्प्यात अमुक किंमत असलीच पाहिजे अशी विधाने जागोजागी लिहावीत, असे ट्युरिंग यांचे म्हणणे होते. नुसत्या बेरजा करून क्रमगुणित (1 पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) काढणारा एक प्रोग्राम त्यांनी या रीतीने तपासून दाखवला, आणि तो कधीतरी थांबतो हेही सिद्ध केले.

त्याच सुमारास एड्सॅकचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना जिना चढता चढता एकाएकी जाणवले, की आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग आता आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे. ही आठवण त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवली. संगणक नीट चालायला लागण्याआधीच या क्षेत्राचा मुख्य प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तराची पहिली दिशाही सुचली होती. पण मुद्रणाच्या चुकांनी भरलेला ट्युरिंग यांचा तो निबंध विस्मरणात गेला. संशोधनाच्या इतिहासातील ही हानी मला फार मोठी वाटते, कारण तीच कल्पना रॉबर्ट फ्लॉइड यांना 1967 मध्ये पुन्हा नव्याने मांडावी लागली.

तोवर प्रोग्राम प्रचंड वाढले होते. ठरलेल्या मुदती टळत होत्या, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे जात होता आणि हाती आलेली प्रणाली भरवशाची नसे. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद बोलावली आणि तिला मुद्दाम ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ असे नाव दिले. पूल बांधणाऱ्याकडून जी शिस्त अपेक्षित असते, ती प्रोग्राम लिहिणाऱ्याकडूनही असावी, असा त्या नावाचा रोख होता. पुढल्याच वर्षी रोम येथील परिषदेत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सांगितले, की चाचणीने प्रोग्राममध्ये चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही.

त्याच ऑक्टोबर 1969 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील टोनी होअर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. होअर यांची मांडणी तीन भागांची आहे: प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी काय खरे असते, प्रोग्राम कोणता, आणि तो संपल्यावर काय खरे असेल. आज्ञेच्या प्रत्येक प्रकारासाठी एकेक नियम ठरवून दिला, की पहिल्या विधानापासून शेवटच्या विधानापर्यंत तर्काने पोहोचता येते. सर्वात अवघड भाग पुनरावर्तनाचा, म्हणजे त्याच आज्ञा फेरीफेरीने पुन्हा पुन्हा करण्याचा, कारण तिथे दर फेरीला खरे राहणारे विधान शोधून काढावे लागते. क्रमवार लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधताना आपण दर वेळी मधली संख्या पाहून यादीचा निम्मा भाग टाकून देतो. तिथे हे विधान असे असते, की संख्या यादीत असलीच तर ती उरलेल्या भागातच आहे. हे दर फेरीला टिकते आणि उरलेला भाग लहान होत जातो, एवढे दाखवले की सिद्धता पूर्ण होते.

या पद्धतीवर आक्षेप आला तो 1979 मध्ये. रिचर्ड डी मिलो, रिचर्ड लिप्टन आणि ॲलन पर्लिस यांनी म्हटले, की गणितातील सिद्धतेवर आपला विश्वास बसतो तो ती अनेक जण वाचतात, तिच्यावर वाद घालतात, ती विद्यार्थ्यांना शिकवतात म्हणून. प्रोग्रामची लांबलचक, कंटाळवाणी सिद्धता कोण वाचणार? आक्षेप रास्त होता, आणि माणसाने वाचायची सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याची गरज त्यामुळे अधिकच स्पष्ट झाली.

यंत्राकडून पडताळणी करून घेण्याचा एक मार्ग तेव्हा तयार होतच होता. 1981 मध्ये अमेरिकेत एडमंड क्लार्क आणि ॲलन एमर्सन यांनी, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ सिफाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रणालीच्या सर्व संभाव्य अवस्था यंत्रानेच धुंडाळून पाहण्याची रीत मांडली. अवस्थांची संख्या भराभर फुगत जाते, हा तिचा मोठा अडसर होता आणि तो ओलांडण्यात एक पिढी खर्ची पडली. 1994 मध्ये पेंटियम चिपमधील भागाकाराची चूक उघड झाली आणि इंटेलला त्यापायी 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली, तेव्हा चिप बनवणारे उद्योग या पडताळणीकडे गांभीर्याने वळले. क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता प्रोग्राममधील ही एक ओळ पाहा: मध्य = (डावे + उजवे) / 2. मघाच्या शोधातील मधली जागा काढणारी ही ओळ आहे; डावे आणि उजवे म्हणजे उरलेल्या भागाच्या दोन टोकांचे क्रमांक. अनेक पाठ्यपुस्तकांत ती अशीच लिहिलेली असे आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहातही ती सुमारे नऊ वर्षे अशीच होती. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी तिच्यातील चूक जाहीरपणे समजावून सांगितली. जावामधील साधा पूर्णांक 2,14,74,83,647 च्या पुढे जाऊ शकत नाही. यादी 107 कोटींहून मोठी असेल, तर डावे आणि उजवे यांची बेरीज ही मर्यादा ओलांडून ऋण होऊ शकते आणि प्रोग्राम कोसळतो. डावे + (उजवे − डावे) / 2 असे लिहिले की दोष जातो. होअर यांच्या रीतीने दिलेली सिद्धता चुकीची नव्हती. ती गणितातल्या पूर्णांकांविषयी होती आणि यंत्रातले पूर्णांक वेगळे होते. सिद्धतेचे बळ तिच्या गृहीतकांइतकेच असते, हे या एका ओळीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

यंत्राच्या मदतीने केलेली सिद्धता अशा जागा कशा उघड्या पाडते, हे 2015 मध्ये दिसले. जावा, पायथन आणि अँड्रॉइड यांत यादी क्रमवार लावण्यासाठी टिमसॉर्ट नावाची पद्धत वापरली जाते. ‘की’ (KeY) नावाच्या साधनाने ती बरोबर असल्याचे सिद्ध करण्याचा प्रयत्न युरोपातील काही संशोधक करत होते. सिद्धता काही केल्या पुढे सरकेना. तेव्हा कारणाचा शोध घेता आढळले, की कायम खरे राहते असे मानलेले एक विधान प्रत्यक्षात नेहमी टिकत नाही. त्यांनी 6,71,08,864 घटकांची अशी यादी रचून दाखवली, की जावाचा प्रोग्राम तिच्यावर बंद पडे. पायथनने मूळ पद्धतच दुरुस्त केली. जावाने मात्र केवळ राखीव जागा वाढवली.

अशा सिद्धतेला श्रम किती लागतात, याची कल्पना सिडनीतील एसईएल4 या प्रकल्पावरून येते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा असलेला हा प्रोग्राम सी भाषेतील सुमारे 8,700 ओळींचा आहे; 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली, यंत्राने तपासलेली त्याची सिद्धता सुमारे 2 लाख ओळींची होती.

इतके श्रम प्रत्येक प्रोग्रामवर करणे शक्य नसते. म्हणून माणसाच्या मदतीशिवाय पडताळणी करणारी साधने बनवण्याकडे आज बरेच संशोधन वळले आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा ठळक आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1981 मध्ये पुण्यात संशोधन केंद्र उभारले. तेथील संशोधकांनी सी भाषेतील प्रोग्राम तपासण्यासाठी व्हेरिॲब्स हे साधन घडवले. कोणत्या प्रोग्रामला कोणती युक्ती लागू पडेल, हे त्याच्या रचनेवरून ठरवायचे आणि एक युक्ती थकली की दुसरी लावायची, अशी त्याची धाटणी आहे. सॉफ्टवेअर पडताळणीच्या वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 2020 मध्ये हे साधन, चुकीच्या अवस्थेपर्यंत प्रोग्राम पोहोचू शकतो का हे तपासणाऱ्या गटात, पहिले आले. त्या स्पर्धेत हजारो प्रोग्राम असतात आणि प्रत्येकासाठी 15 मिनिटांचा वेळ मिळतो. नुसता निकाल सांगून मात्र भागत नाही. चूक आहे म्हणणाऱ्या साधनाने त्या चुकीपर्यंत नेणारी वाट नोंदवून द्यावी लागते, आणि ती वाट खरी आहे की नाही, हे दुसरा एक स्वतंत्र प्रोग्राम तपासतो.