कुठल्या सालची विक्रांत?

(आमच्या वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं आवरतं घेतलं आहे.)

अध्यक्ष महाशय, आणि छत्र्या निथळत ठेवून बसलेले तुम्ही सगळे,

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'युद्धनौकेची प्रतिकृती : काळ कसा निवडावा'. मघाशी जिन्यात एका बाईंनी विचारलं, "काळ म्हणजे मुहूर्त का हो?" मी हसलो, पण खुर्चीवर येऊन बसलो तेव्हा वाटलं, बाईंनी माझं अर्धं भाषण सांगून टाकलं. मुहूर्तच. जहाज निवडणं सोपं असतं, ते मनात बसलेलंच असतं. साल निवडताना घाम फुटतो.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. समुद्राशी माझा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापुरता, आणि तेवढ्यातही मला मळमळतं. तरी गेली सव्वीस वर्षं घरात जहाजं बांधतोय. सुरुवातीला गाडगीळ-गोडबोले करतात तसे आगपेटीचे उद्योग केले, मग प्लायवूड, मग प्लास्टिकचा पत्रा. बायको म्हणते, या घरात साबुदाण्यापेक्षा सँडपेपर जास्त लागतो.

आता विक्रांत. पहिली विक्रांत, आपल्या नौदलाची विमानवाहू नौका, क्रमांक आर-११. हे सांगावं लागतं, कारण हल्लीच्या मुलांना विक्रांत म्हटलं की २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात आली ती २६२ मीटरची डोळ्यांसमोर येते. माझी ती नव्हे. माझी २१३ मीटरची, इंग्लंडात टाइन नदीवर दुसऱ्या महायुद्धात 'हर्क्युलिस' म्हणून बांधायला घेतलेली. १९४५ ला पाण्यात उतरली, युद्ध संपलं आणि काम थांबलं. दहा-अकरा वर्षं ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ ला आपण घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली, ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली आणि ३ नोव्हेंबरला मुंबईत. दीड महिन्यात गोव्याच्या किनाऱ्याबाहेर हजर. घरात पाऊल टाकताच सासूनं पदर खोचायला लावावा तसं.

मी तिची प्रतिकृती केली १:३५० मापात. म्हणजे ६१ सेंटिमीटर. देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर बरोब्बर बसते, मोजूनच माप ठरवलं होतं. (हसू नका, सगळ्या मॉडेलवाल्यांचं माप फळीवरूनच ठरतं. बाकीची कारणं मागाहून सुचतात.) नऊ महिने लागले. वॉटरलाइन मॉडेल, म्हणजे पाण्यावर दिसतं तेवढंच जहाज आणि खाली समुद्र. समुद्र मी मन लावून केला. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, कापूस आणि फेविकॉलचा असा पांढराशुभ्र फेस उसळवला की बघणाऱ्याच्या तोंडावर तुषार यावेत. डेकवर सी हॉक विमानं, एकेकाच्या पंखांचा विस्तार साडेतीन सेंटिमीटरही नाही, ती चिमट्यानं बसवली. मागे निशाण. खाली पितळी पट्टी : 'आयएनएस विक्रांत, डिसेंबर १९७१'.

२०२३ मध्ये एका प्रदर्शनात ती ठेवली. लोक येत होते, फोटो काढत होते, मी शेजारी नवरदेवाच्या बापासारखा उभा. तेवढ्यात एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, पायांत रबरी चपला. पट्टी वाचली नाही. वाकून, हात पाठीमागे बांधून, नाळेपासून मागेपर्यंत बघत गेले, परत नाळेपाशी आले आणि मला म्हणाले, "ह्यां खंयच्या सालातलां?"

मी म्हटलं, "एकाहत्तर." अभिमानानं म्हटलं.

त्यांनी नाळेकडे बोट केलं. "एकाहत्तरात ह्यो चढ खंय होतो?"

मित्रहो, त्या क्षणी मला कळलं की आपण काय केलंय. नाळेवरचा तो चढ म्हणजे स्की-जंप. सी हॅरियर विमानांना कमी धावपट्टीत उडता यावं म्हणून केलेला. तो विक्रांतला लागला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आणि सी हॉक विमानं तिच्या डेकवरून गेली १९७८ मध्ये. म्हणजे मी केलं होतं काय? आजोबांचा मुंजीतला फोटो, शेंडीसकट, आणि तोंडात कवळी.

ही चूक झाली कशी ते सांगतो, कारण ती तुमचीही होऊ शकते. जहाज १९९७ ला निवृत्त झालं आणि पुढे संग्रहालय म्हणून मुंबईतच उभं राहिलं. लोकांसाठी उघडलं तेव्हा मी मुलाला घेऊन दोनदा गेलो, रांगेत उभा राहिलो, तीन रोल फोटो काढले. हे फोटो माझा वेद. आता त्या फोटोंत चढ आहे, कारण शेवटी-शेवटी तो होताच. तेवढ्यानं मी समजलो, विक्रांत दिसते ती अशी. पण संग्रहालयातलं जहाज कुठल्याच सालचं नसतं. ते सगळ्या सालांचं मिळून असतं. परदेशात तर हा गोंधळ शतकांचा असतो. इंग्लंडात पोर्ट्समथला त्यांच्या नौसेनापती नेल्सनची 'व्हिक्टरी' आहे, १७६५ ला पाण्यात उतरलेली. ट्रफल्गारची लढाई १८०५ ची, आणि त्याआधीच्या मोठ्या दुरुस्तीत तिच्या मागच्या बाजूचे उघडे सज्जे बंद केले. म्हणजे तरुणपणची व्हिक्टरी आणि लढाईतली व्हिक्टरी पाठीमागून ओळखूही येणार नाहीत. वर रंगाची गंमत. कित्येक वर्षं तिचे पट्टे मोहरीसारखे पिवळे होते, लोकांनी मॉडेलं तशीच रंगवली. मग रंगाचे थर खरवडून तपासले आणि २०१५ ला ती फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात रंगवली. जगभरच्या शोकेसमधल्या व्हिक्टऱ्या एका रात्रीत चुकीच्या ठरल्या! त्यापेक्षा स्वीडनच्या 'वासा'वाल्यांचं बरं. ती १६२८ ला पहिल्याच फेरीला बंदरातच बुडाली. साल निवडायचा प्रश्नच नाही, तारीख एकच, १० ऑगस्ट. तरी बिचाऱ्यांची रंगात फसगत झालीच. आधी निळी समजत होते, निघाली लाल.

हो, मुंबईकरांसाठी एक. इंग्लंडात हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आजही तरंगते आहे. १८१७ ला आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांनी, सागवानात बांधलेली. तिलाही पुढे १८४० च्या दशकात कापून-छाटून २६ तोफांचं कॉर्व्हेट, म्हणजे त्याहून लहान युद्धनौका, केलं. एकाच सागवानात दोन जहाजं. कुणी करत असेल तर आधी कुठली करताय ते ठरवा, मग करवत हातात घ्या.

परत त्या गृहस्थांकडे येतो. मला वाटलं, झालं एवढं पुरे. पण ते मागे गेले, निशाण बघितलं आणि जरा हसले. मी ते बाजारातून छापील आणलं होतं. निळा अष्टकोन, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला. तो बघून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण तो आला २०२२ मध्ये. विक्रांतच्या निशाणात तांबडा क्रॉस होता आणि कोपऱ्यात तिरंगा. नौदलाचं निशाण २००१ ला बदललं, २००४ ला बदललं, २०१४ ला त्यात 'सत्यमेव जयते' आलं, २०२२ ला पुन्हा बदललं. विक्रांतच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मात्र ते एकदाही बदललं नाही. जहाजावरची जी एकच गोष्ट जन्मभर तीच राहिली, तीच मी चुकवली. बँकेत असतो तर माझ्यावर मेमो निघाला असता.

आणि मग त्यांनी खाली समुद्राकडे बघितलं. माझ्या त्या कापसाकडे. म्हणाले, "तीन बॉयलरांर येवढो फेस?"

ते विक्रांतवर स्टोकर होते, बॉयलर पेटते ठेवणारे. बॉयलर रूममध्ये. एकाहत्तरला विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते, तो बंद ठेवून ती युद्धात गेली. नवी असताना चोवीस-पंचवीस नॉट धावणारी, ती तेव्हा तेवढी धावूच शकत नव्हती. विमानवाहू जहाजाला हे फार जाचतं, कारण विमान उडवताना जहाज वाऱ्यावर जेवढं जोरात जाईल तेवढी विमानाला मदत. तशा लंगड्या पायानं तिनं ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार आणि चितगाववर विमानं सोडली. सगळं ठाऊक होतं मला. पुस्तकात वाचलं होतं, पेन्सिलनं खूण केली होती. पण बॉयलर जहाजाच्या पोटात, तो काही प्रतिकृतीत दिसत नाही, म्हणून सोडून दिलं. तो दिसतो हो. फेसात दिसतो.

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांना विचारलं, तुमच्या आठवणीतली विक्रांत कशी? मला वाटलं, आता चितगाव, तोफा, असं काहीतरी येईल. तर ते म्हणाले की त्यांना आठवतो तो उकाडा, रंगाचा वास आणि रविवारची दुपार. रोज का युद्ध असतं? बाकीचे दिवस जहाज घासायचं, रंगवायचं, गोदीत न्यायचं. पासष्टच्या युद्धात तर ती मुंबईत दुरुस्तीलाच होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात हा किडा शिरला, तो अजून गेलेला नाही. आपण सगळे मॉडेलवाले जहाजाला कायम युद्धावर पाठवतो. माणसाचा पुतळा करायचा तर तो घोड्यावरच हवा, तलवार उपसलेलीच हवी, तसं. विक्रांत मागा, एकाहत्तरच मिळेल. साधं, काहीही न घडलेलं साल कुणी घेतच नाही, आणि खरं म्हणजे...

हो, चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. सात? मला वाटलं होतं पंधरा असतील. म्हणजे आता मूळ विषय. पळवतो.

तर काळ कसा निवडावा. पहिलं म्हणजे फोटो बघा, जहाजाचा नव्हे, सालाचा. म्हणजे फोटोची तारीख पक्की हवी, आणि दोन्ही बाजूंचे हवेत. डावी बाजू साठची आणि उजवी ऐंशीची असं केलंत तर कुणीतरी रबरी चपला घालून येतोच. फोटो मिळत नसेल ते साल सोडा, कितीही आवडत असलं तरी. दुसरं, जहाजाच्या आयुष्याची पट्टी आखा, त्यावर मोठे बदल मांडा. विक्रांतची पट्टी सांगतो. सुरुवातीला डेक सपाट, विमानाला ढकलून उडवणारं वाफेचं कॅटापुल्ट, सी हॉक आणि पंखेवाली अलिझे विमानं, चाळीस मिलिमीटरच्या सोळा बोफर्स तोफा. पुढे बोफर्स आठ झाल्या, म्हणजे तोफा मोजूनही साल कळतं. १९७८ ला सी हॉक गेली. १९७९ ते ८२ मोठी दुरुस्ती. १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर गोव्यात आली. १९८७ मध्ये अलिझे डेकवरून गेली, मग कॅटापुल्ट गेलं आणि चढ आला. १९९७ ला निवृत्ती. दोन बदलांच्या मधलं एक साल धरा आणि मग त्या सालाच्या बाहेरचं काहीही, एक दोरीसुद्धा, आत येऊ देऊ नका. निशाण, विमानं, तोफा, रंग, फेस, सगळ्यांना एकच पंचांग.

तिसरं, आपल्या हाताला जमेल ते साल घ्या. ज्याला पंख दुमडलेली विमानं जमत नाहीत त्यानं भरलेल्या डेकचं साल घेऊ नये. 'गुराब, म्हणजे मराठ्यांचं लढाऊ गलबत, का करत नाही, आरमारावर प्रेम नाही का' असं मला दर व्याख्यानात विचारतात, आजही विचाराल. प्रेम आहे हो. पण साल पक्कं करता येईल असा कागद हाती नसताना केलेली प्रतिकृती म्हणजे चित्र. ते करावं, पण खाली साल लिहू नये.

आणि चौथं... चौथं कुठे गेलं? हां. त्या सालात तुम्हाला कोण भेटलंय ते बघा. ते स्टोकर भेटले नसते तर मी फेस मोजला नसता.

विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, तुटायला लागली. तिचं लोखंड मोटरसायकलींच्या टाक्यांत गेलं, त्यातली एक आमच्या गल्लीत उभी असते. तेवढी एकच १:१ मापाची विक्रांत माझ्या ओळखीची, आणि तीही पावसात गंजतेय. त्या पोराला मी सांगत असतो, झाकून ठेव रे.

दोन मिनिटं, अध्यक्ष महाशय. फक्त खोका उघडतो. ही नवी. १९८४. डेक सपाट, चढ नाही. हे कॅटापुल्टवरचं अलिझे, हे त्याच्या मागे सी हॅरियर. पंखेवालं आणि जेट, दोन्ही एका डेकवर. ही गंमत तीन-चार वर्षंच होती आणि कुणी ती करत नाही. युद्ध वगैरे काही नाही. दुपारची वेळ आहे. फेस बघा, केवढा ठेवलाय, नखाएवढा. जवळ या, पण बोफर्सना हात लावू नका, तीन कालच निखळल्यात. आणि निशाण अजून लावलेलं नाही. या वेळी ते स्वतः रंगवणार आहे.